पोटाचे दुखणे आणि अंगावरची खूण

(शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आले ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथे झालेल्या तहामुळे. औषधी मालाच्या बाजारपेठेत मात्र हे गाव ओळखले जाते ते येथील पानमळ्यांमुळे आणि पानपिंपरीमुळे. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून होणारे त्रिकटू चूर्ण पचनाच्या तक्रारींवर वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. त्यातील पिंपळी येथील बारी समाजाच्या कष्टाळू शेतकऱ्यांनी जोपासली आहे. ज्या गावाने पोटाच्या औषधाला हातभार लावला, त्याच गावात पोटाच्या एका वेगळ्या दुखण्याचा विचार करणे उचितच होय. या दुखण्याचे मूळ पोटातील अन्नात नसते, ते मज्जातंतूंत असते. त्याची खूण पोटावर न दिसता बहुधा कातडीवर दिसते.

या आजाराला वैद्यकशास्त्रात न्यूरोफायब्रोमॅटोसिस असे नाव आहे. सोप्या मराठीत त्यास मज्जातंतूंच्या गाठींचा आनुवंशिक आजार म्हणता येईल. त्याचे काही प्रकार आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो सर्वांत अधिक आढळणाऱ्या पहिल्या प्रकाराचा. अंगावर गाठी असलेला माणूस गावात सर्वांच्या ओळखीचा असतो. तथापि, त्याच्या पोटाच्या तक्रारीचा त्या गाठींशी काही संबंध असू शकेल, हे त्याच्या स्वतःच्या, घरच्यांच्या आणि कित्येकदा उपचार करणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. हा संबंध वेळीच ध्यानात येणे किती अगत्याचे आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आजाराची ओळख

जर्मन वैद्यकतज्ज्ञ फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउसेन यांनी १८८२ मध्ये या गाठी मज्जातंतूंच्या आवरणातून उत्पन्न होतात असे सप्रमाण दाखविले. पुढे १९९० मध्ये या आजारास कारण होणारे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चितपणे सापडले. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एक प्रथिन हे जनुक तयार करते. जनुकात बिघाड झाला की लगाम सैल पडतो आणि मज्जातंतूंच्या भोवती गाठी वाढू लागतात.

हा आजार दुर्मीळ म्हटला जात असला, तरी वाटतो तितका विरळा नाही. सुमारे ३००० जन्मांमागे एका बालकास तो असतो. म्हणजे एक लाख वस्तीच्या प्रदेशात अशी तीस-पस्तीस माणसे असावयास हरकत नाही.

त्याची पहिली खूण म्हणजे दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग. असा एखादा डाग अनेक निरोगी माणसांच्याही अंगावर असतो आणि त्याला कोणी जन्मखूण म्हणून सोडून देतो. परंतु असे सहा किंवा अधिक डाग असतील आणि लहान मुलात त्यांचा आकार पाच मिलिमीटरांहून, तर वयात आलेल्यांत पंधरा मिलिमीटरांहून मोठा असेल, तर डॉक्टरांना दाखविणे जरूर आहे. काखेत आणि जांघेत बारीक ठिपके उठणे ही दुसरी खूण होय. कातडीवरील मऊ गाठी बहुधा वयात येताना दिसू लागतात व पुढे वाढत जातात. एकाच घरातील दोघांना हा आजार असला, तरी एकाच्या अंगावर केवळ डाग आणि दुसऱ्याच्या अंगावर शेकडो गाठी, असेही घडते.

अमरावती जिल्ह्याच्या दृष्टीने येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कुष्ठरुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले आणि समाजाने टाकलेल्या माणसांना मानाने जगण्याची वाट करून दिली. त्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात आजही अंगावर गाठी दिसल्या की 'महारोग' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो. मज्जातंतूंच्या गाठींचा हा आजार म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा एकत्र राहिल्याने कोणासही होत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट वा लालसर असतो आणि तेथे बधिरता येते. या आजारातील डाग तपकिरी असतात आणि तेथील संवेदना शाबूत असते. अर्थात कुष्ठरोगही आता औषधाने पूर्ण बरा होतो. त्या रुग्णालाही दूर लोटण्याचे कारण नाही. शंका असेल तेथे निदान डॉक्टरांनीच करावे, चावडीवर ते होऊ नये.

आतड्यांना मज्जातंतू असतात

अंगावरच्या गाठींचा पोटाशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत संपूर्ण पचनमार्गाच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे पसरलेले आहे. त्यात कोट्यवधी मज्जापेशी आहेत. घास गिळल्यानंतर तो पुढे सरकविणे, आतड्यांनी आकुंचन व प्रसरण पावणे, मलाची जाणीव होणे ही कामे या जाळ्याच्या आज्ञेने चालतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना १९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्यांच्या हालचालीला ताल देणाऱ्या विशिष्ट पेशी आज त्यांच्याच नावाने, काहाल पेशी म्हणून, ओळखल्या जातात. ज्या आजाराचे क्षेत्रच मज्जातंतू आहे, त्याने या जाळ्याला वगळावे असे कसे होईल?

पोटाच्या तक्रारी येथे दोन प्रकारच्या असतात. काही नित्याच्या, त्रासदायक, पण आटोक्यात येणाऱ्या. काही क्वचित होणाऱ्या, परंतु दुर्लक्ष केल्यास जिवावर बेतणाऱ्या. दोहोंतील फरक समजून घेणे हे घरच्यांचे आणि गावाचे पहिले काम आहे.

नित्याची तक्रार : मुलांमधील बद्धकोष्ठता

डेन्मार्कमध्ये हा आजार असलेली मुले आणि त्यांची निरोगी भावंडे यांची तुलना करण्यात आली, तेव्हा आजारी मुलांत बद्धकोष्ठतेचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या भावंडांत असा फरक पडतो, त्या अर्थी केवळ आहाराला दोष देऊन चालणार नाही. आतड्यांची चालच मंद असण्याचा संभव असतो. पोट फुगणे, मळमळणे, वारंवार पोट दुखणे याही तक्रारी या रुग्णांत आढळतात.

आता एखाद्या गावच्या शाळेतील दुसरीतला मुलगा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या पाठीवर तपकिरी डाग आहेत. तो वर्गात चुळबुळ करतो, पाढे त्याच्या ध्यानात राहत नाहीत, आठवड्यातून दोन दिवस पोट दुखते म्हणून तो घरी राहतो. कधी त्याची चड्डी खराब होते आणि मुले त्याला हसतात. शिक्षकाला वाटते, मुलगा आळशी व अस्वच्छ आहे. वास्तविक, साचून राहिलेल्या कठीण मलाभोवतून पातळ मल नकळत झिरपतो, त्यावर मुलाचा ताबा नसतो. शिकण्यातील अडचणी आणि चित्त एकाग्र न होणे, हेही याच आजाराच्या जवळपास निम्म्या मुलांत आढळते. म्हणजे शिक्षक ज्या तीन गोष्टींबद्दल मुलाला रागावतात, त्या तिन्हींचे मूळ एकच असू शकते.

अशा मुलावर उपाय कठीण नाहीत, मात्र ते चिकाटीने करावे लागतात. भरपूर पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, फळे हा वऱ्हाडातील साधा आहार योग्यच आहे. परंतु आतड्यांची चाल मंद असलेल्या मुलाला केवळ आहाराने गुण येईलच असे नाही. डॉक्टरांनी दिलेले मल मऊ करणारे औषध काही आठवडे नव्हे, तर काही महिने द्यावे लागते. दोन दिवस गुण दिसताच ते बंद करणे ही नेहमीची चूक होय. घरच्या घरी वारंवार एरंडेल किंवा जालीम जुलाब देणेही हितावह नाही. जेवणानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर दहा मिनिटे मुलाला निवांतपणे शौचास बसण्याची सवय लावावी.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. शाळेचे स्वच्छतागृह घाण असेल, त्यास कडी नसेल, नळाला पाणी नसेल, तर मूल दिवसभर वेग दाबून धरते. निरोगी मुलालाही त्याने बद्धकोष्ठता जडते, मग या मुलाची काय कथा! ज्यांनी हातात खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा धडा दिला, ते संत गाडगेबाबा २३ फेब्रुवारी १८७६ रोजी याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे जन्मले. त्यांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी असणे हा या अभियानाचा अगदी साधा, पण आजारी मुलाच्या लेखी फार मोठा अर्थ आहे.

क्वचित होणारा, परंतु गंभीर प्रकार

प्रौढ वयात, बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास, या रुग्णांत आणखी एक गोष्ट संभवते. आतड्याच्या भिंतीतच गाठ उत्पन्न होते. तिला जठरांत्रीय स्ट्रोमल गाठ किंवा थोडक्यात गिस्ट म्हणतात. मघाशी उल्लेखिलेल्या काहाल पेशींशी तिचे नाते आहे. निरनिराळ्या पाहण्यांत या आजाराच्या शेकडा ५ ते २५ रुग्णांत अशा गाठी आढळल्या आहेत. त्यांपैकी कित्येक गाठी जन्मभर काही त्रास देत नाहीत. काहींतून मात्र थोडे थोडे रक्त आत झिरपत राहते, आणि काही गाठी आतड्याची वाट अडवतात.

रक्त आत झिरपते तेव्हा दिसत नाही, दिसतो तो अशक्तपणा. एखादी पंचेचाळिशीची शेतमजूर स्त्री घ्या. तिला धाप लागते, डोळे पांढुरके दिसतात. तपासणीत रक्त कमी आढळते. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षय इतका सार्वत्रिक आहे, की लोहाच्या गोळ्या देऊन तिला परत पाठविले जाते. तीन महिन्यांनी ती पुन्हा येते, पुन्हा गोळ्या मिळतात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळसर होतो, त्यामुळे रक्तस्रावाने येणारा काळा, डांबरासारखा चिकट रंगही गोळ्यांच्या माथी मारला जातो. त्याच गोळ्यांनी बद्धकोष्ठताही वाढते. तिच्या दंडावरच्या गाठी सर्वांना दिसतात. त्यांचा आणि रक्त कमी होण्याचा संबंध मात्र कोणाच्या मनात येत नाही. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगावर अशा गाठी असलेल्या माणसाचे रक्त औषधानेही भरून येत नसेल, तर ते कोठून जाते याचा शोध घेतलाच पाहिजे.

या शोधातही एक खाचखळगा आहे. या आजारातील गिस्ट बहुधा लहान आतड्यात असतात आणि बरेचदा एकाहून अधिक असतात. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण जठर आणि त्यापुढील थोडा भाग दाखविते. गुदद्वारावाटे घातलेली दुर्बीण मोठे आतडे दाखविते. मधले लहान आतडे दोहोंच्या टप्प्याबाहेर राहते. म्हणजे दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या, तरी तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. पोटाचे सीटी स्कॅन वा तत्सम तपासणी लागते. अंगावरील खूण डॉक्टरांच्या नजरेस आणून दिली असेल, तर ती तपासणी आधीच सुचते.

औषधोपचारातही हाच मुद्दा येतो. गिस्टवर इमॅटिनिब नावाची गोळी अत्यंत गुणकारी ठरली आहे. तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी अमान्य केला. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी बनविलेली स्वस्त गोळी सामान्य रुग्णास मिळण्याचा मार्ग मोकळा राहिला. परंतु ही गोळी गाठीतील ज्या विशिष्ट जनुकीय बदलावर काम करते, तो बदल मज्जातंतूंच्या आजारातून आलेल्या गिस्टमध्ये बहुधा नसतो. तेथे गोळीचा फारसा उपयोग होत नाही आणि शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय राहतो. म्हणजे अंगावरील खुणेची माहिती नसेल, तर रुग्ण योग्य त्या रोगावर अयोग्य औषध महिनोन्‌महिने घेत राहण्याचा संभव आहे.

आणखी दोन धोके सांगितले पाहिजेत. पित्तनलिका लहान आतड्याला जेथे मिळते, त्या तोंडाशी या रुग्णांत कधी कधी गाठ होते. त्यामुळे पित्ताचा मार्ग अडून कावीळ होते. कावीळ झाली की गावठी औषध घेण्याकडे आपला कल असतो. या रुग्णाने त्यात एक दिवसही दवडू नये. दुसरा धोका मूत्रपिंडावरील ग्रंथीतील गाठीचा. तिच्यामुळे रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते, घाम फुटतो, छाती धडधडते. ही गाठ आधी ओळखली नाही आणि रुग्णास पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली, तर प्राणावर बेतू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त वा लघवीच्या तपासणीने तिचा शोध घेता येतो.

चिठ्ठीवरची एक ओळ

हे सर्व ऐकून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांना गंभीर पोटविकार होत नाहीत. ते शेती करतात, नोकरी करतात, संसार करतात. साधी पोटदुखी त्यांनाही साध्या कारणानेच होते. पुढील लक्षणे मात्र उपेक्षू नयेत : काळे, चिकट शौच किंवा शौचातून रक्त, कारणाविना वाढणारा अशक्तपणा, एकसारखी उलटी व पोट फुगून शौच-वारा बंद होणे, कावीळ, रात्री झोपेतून जागे करणारी पोटदुखी आणि झपाट्याने घटणारे वजन.

अशा वेळी रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून अमरावतीस, प्रसंगी अकोला वा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवे, गर्दी मोठी आणि वेळ थोडा. रुग्ण सदरा घालून बसलेला असतो आणि 'पोट दुखते' एवढेच सांगतो. गाठी जन्माच्या सोबती झालेल्या असतात, त्या सांगाव्यात असे त्याला वाटत नाही. स्त्रिया तर संकोचाने त्या झाकूनच ठेवतात. म्हणून आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांनी चिठ्ठी लिहिताना एक ओळ अवश्य लिहावी : 'रुग्णाच्या अंगावर लहानपणापासून तपकिरी डाग व गाठी आहेत, घरात आणखी कोणास आहेत.' अथवा, 'नाहीत.' एवढ्या एका ओळीने निदानाचा मार्ग कित्येक महिन्यांनी जवळ येऊ शकतो. या कामाला पैसा लागत नाही आणि शासनाच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.

खर्चाच्या बाबतीत रुग्णाने आधीच धीर सोडू नये. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. अंगीकृत रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे आपली कागदपत्रे दाखवून कोणता उपचार योजनेत बसतो, हे विचारून घ्यावे. मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी वर्गशिक्षकाने डाग असलेल्या मुलाकडे पथकाचे लक्ष वेधावे, एवढीच अपेक्षा आहे.

दोष कोणाचाच नाही

शेवटी आनुवंशिकतेविषयी. आई किंवा वडील यांपैकी एकास हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा असो वा मुलगी, संभव सारखाच. परंतु सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणासही नसतो, जनुकातील बदल त्यांच्यापासूनच सुरू होतो. अशा वेळी गरोदरपणी ग्रहण पाहिले, सापाला मारले, पूर्वजांचा कोप झाला, असे सांगून सारा दोष मातेच्या पदरी टाकला जातो. हे सर्वस्वी निराधार आहे. ग्रहणाचा गुणसूत्रांशी काही संबंध नाही. विवाह व अपत्य यांविषयी वैद्यकीय सल्ला घेण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, आणि तो सल्ला घेऊन काय करावे हे ठरविण्याचा अधिकारही त्या जोडप्याचाच आहे.

गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले दूरदूरचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक आजही उतरतात. शेंडगावच्या या सुपुत्राला वैद्यकशास्त्राचे शिक्षण नव्हते, पण आजारी माणसाला औषधाइतकीच आधाराची गरज असते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या तालुक्यातील एखाद्या रुग्णाला मुंबईपर्यंत जावेच लागले, तर तेथे त्याला निवारा देणारे छप्पर आहे. तथापि, त्या रुग्णाचा प्रवास गावातूनच सुरू होतो. शिक्षकाने मुलाला न हसता जवळ घेतले, पंचायतीने शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी दिले, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने ती एक ओळ लिहिली, तर त्या प्रवासाचा पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा पार पडला असे समजावे.